पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग : मृत्युदरातील स्थानिक भेद आणि त्यांचे वाचन

१९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने एक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. १९५० ते १९६९ या वीस वर्षांत निरनिराळ्या कर्करोगांनी झालेल्या मृत्यूंचे दर त्यात राज्यांच्या नव्हे, तर काउंटींच्या पातळीवर, म्हणजे तीन हजारांहून अधिक लहान प्रदेशांत विभागून दाखविले होते. राज्याच्या सरासरीत बुडून गेलेल्या कितीतरी गोष्टी त्यामुळे वर आल्या. आग्नेयेकडील राज्यांत ग्रामीण स्त्रियांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात अधिक आढळले. शोध घेतला असता त्यामागे तपकीर तोंडात धरून ठेवण्याची जुनी सवय असल्याचे निष्पन्न झाले. अटलांटिक किनाऱ्यावरील काही काउंटींत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अधिक होते. त्याचा संबंध दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील जहाजबांधणीशी आणि तेथे वापरल्या गेलेल्या ॲस्बेस्टॉसशी लागला. नकाशावरील गडद ठिकाण शोधावे, तेथे जावे आणि रोगाचे कारण हाती घेऊन परतावे, अशी एक आशा या संग्रहाने निर्माण केली. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र ही आशा फळली नाही. या रोगाच्या नकाशातही गडद आणि फिकट प्रदेश आहेत, ते दशकानुदशके बदलतही आले आहेत. परंतु त्यांचा अर्थ एका कारणात सापडत नाही. तो का सापडत नाही, हे समजून घेणे हा या रोगाच्या मृत्युदराकडे पाहण्याचा पहिला पाठ आहे.

प्रोस्टेट या नावाने सामान्यतः ओळखली जाणारी ही ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते. मराठीत तिला पुरःस्थ ग्रंथी आणि अष्ठीला ग्रंथी अशी दोन नावे रूढ झाली. पहिले नाव पाश्चात्त्य संज्ञेचा अर्थ घेऊन घडविलेले आहे. दुसऱ्याला जुनी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे प्रकार सांगताना वाताष्ठीलेचा उल्लेख येतो. गुद आणि बस्ती यांच्या मध्ये गोट्यासारखी घट्ट गाठ होऊन मूत्राचा मार्ग अडतो, असे ते वर्णन आहे. त्यावरून प्राचीनांना हा कर्करोग ठाऊक होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. वृद्धापकाळी या ठिकाणी काही वाढते आणि लघवी अडते, एवढे निरीक्षण मात्र निश्चित जुने आहे. आजच्या आकड्यांत बोलावयाचे तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात या कर्करोगाचे सुमारे १४ लाख ७० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ३ लाख ९७ हजार पुरुष त्याने मरण पावले. कॅरिबियन बेटे आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिका येथे मृत्युदर सर्वांत अधिक आहेत. युरोपात स्वीडन आणि नॉर्वे वरच्या बाजूस आहेत. पूर्व व दक्षिण आशियात ते पुष्कळच कमी आहेत.

अमेरिकेतील नकाशा अधिक बारकाईने पाहता येतो, कारण तेथे मृत्यूच्या कारणांची नोंद दीर्घकाळ सातत्याने झाली आहे. १९५० ते १९९४ या कालखंडाचा नवा नकाशासंग्रह १९९९ मध्ये आला. त्यात गौरवर्णीय पुरुषांतील मृत्युदर देशाच्या वायव्य भागात अधिक, तर कृष्णवर्णीयांतील दर आग्नेय राज्यांत अधिक दिसतात. एकाच देशातील एकाच रोगाचे हे दोन नकाशे एकमेकांवर बसत नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. वायव्येकडील आधिक्याला अनेक कारणे सुचविली गेली. उत्तरेकडे सूर्यप्रकाश कमी, म्हणून त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व कमी, म्हणून मृत्यू अधिक, असे अनुमान १९९२ मध्ये मांडले गेले. परंतु कृष्णवर्णीयांचे मृत्यू नेमके भरपूर उन्हाच्या आग्नेय प्रदेशात अधिक आहेत. गडद त्वचेत हे जीवनसत्त्व कमी तयार होते असे म्हणून अनुमान सावरता येते. पण ज्या अनुमानाला प्रत्येक अपवादासाठी नवे पोटकारण जोडावे लागते त्याची पकड सैल होत जाते. उत्तरेकडील राज्यांत स्कँडिनेव्हियन वंशाची वस्ती मोठी आहे, हेही एक कारण पुढे आले. शेतीचा संबंध शोधला गेला. आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ पासून चाललेल्या पाहणीत कीटकनाशके फवारणाऱ्यांमध्ये हा कर्करोग थोड्या अधिक प्रमाणात आढळला. यांपैकी कोणतेही कारण नकाशाचा मोठा भाग उलगडून दाखवीत नाही.

एकाच कारणाची ही अपेक्षा कोठे चुकते, हे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसते. हाँगकाँग, सिंगापूर, इस्रायल, युगांडा, जमेका, स्वीडन आणि जर्मनी अशा सात ठिकाणी अन्य कारणांनी मरण पावलेल्या पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथी शवविच्छेदनात तपासण्यात आल्या. त्यांच्या हयातीत या कर्करोगाचे निदान झालेले नव्हते. तरीही पुष्कळांच्या ग्रंथीत कर्करोगाचे सूक्ष्म केंद्र सापडले, आणि अशा अगदी लहान केंद्रांचे प्रमाण सातही ठिकाणी जवळजवळ सारखेच होते. जेथे मृत्युदर अत्यल्प तेथेही, आणि जेथे तो मोठा तेथेही. ठिकाणागणिक बदलत होते ते आकाराने वाढलेल्या, आजूबाजूला शिरकाव करू लागलेल्या केंद्रांचे प्रमाण. आणि ते त्या त्या प्रदेशाच्या मृत्युदराशी मिळतेजुळते होते. म्हणजे बीज सर्वत्र आहे. ते कोठे वाढीस लागते आणि कोठे निपचित पडून राहते, यात प्रदेशाप्रदेशाचा फरक आहे. जपानमधून अमेरिकेत स्थायिक झालेल्यांच्या अभ्यासांनीही याला दुजोरा दिला. स्थलांतरितांत या कर्करोगाचे प्रमाण जपानपेक्षा वाढले, पण गौरवर्णीय अमेरिकनांइतके झाले नाही. आहार, शरीराचे वजन, वंश आणि राहणी यांचा एकत्रित परिणाम यात असणार. आनुवंशिकतेचा वाटाही खरा आहे. आठव्या गुणसूत्रावरील एका भागातील काही भेद हा धोका वाढवितात, हे २००६ मध्ये आइसलँडमधील कुटुंबांच्या अभ्यासातून पुढे आले, आणि आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांत ते भेद अधिक प्रमाणात आढळले.

या शवविच्छेदनांतून दुसरी, अधिक अडचणीची गोष्ट निघते. ज्या रोगाचे बीज असंख्य वृद्धांच्या शरीरात मूकपणे पडून असते, त्याचे रुग्ण किती हे शोधणारा किती खोल शोधतो यावर ठरते. पुरःस्थ ग्रंथी रक्तात सोडत असलेल्या एका प्रथिनाची पातळी मोजणारी पीएसए चाचणी अमेरिकेत १९८६ मध्ये, उपचार चालू असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी मान्य झाली. रोग लवकर ओळखण्यासाठी तिला मान्यता १९९४ मध्ये मिळाली. तोपर्यंत ती सर्वत्र पसरलीही होती. नव्या रुग्णांचा दर झपाट्याने चढून १९९२ मध्ये शिखरास पोचला आणि मग उतरला. रोग बदलला नव्हता. शोधणे बदलले होते. म्हणून नव्या रुग्णांच्या दरावरून प्रदेशांची तुलना करणे या कर्करोगात विशेष धोक्याचे आहे, आणि अभ्यासक मृत्युदराकडे वळतात ते याच कारणाने. मृत्यू ही तरी निःसंदिग्ध घटना आहे, असे वाटते.

मृत्यू निःसंदिग्ध असतो. त्याचे कारण तसे नसते. ऐंशी वर्षांचा गृहस्थ, हृदय दुबळे झालेले, मूत्रपिंडे थकलेली, आणि दोन वर्षांपूर्वी पुरःस्थ कर्करोगाचे निदान झालेले. तो गेला तर प्रमाणपत्रावर काय लिहावे? निदान झालेलेच नसते तर कर्करोग लिहिला गेला नसता. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत मृत्युदरही किंचित वाढून मग घसरू लागला, त्यात या कारणलेखनाचा काही भाग असावा, असे विश्लेषण १९९९ मध्ये पुढे आले. निदान झालेल्यांची संख्या अकस्मात वाढल्याने अन्य कारणांनी झालेले काही मृत्यूही या कर्करोगाच्या खाती पडले असण्याचा संभव आहे.

याखेरीज दोन साध्या गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. हा वार्धक्याचा रोग असल्याने ज्या प्रदेशात म्हातारे अधिक तेथे मृत्यूही अधिक दिसणारच. म्हणून सर्व प्रदेशांना एकच काल्पनिक वयरचना लावून ‘वयप्रमाणित’ दर काढतात. जगभर वापरली जाणारी अशी वयरचना जपानी अभ्यासक सेगी यांनी १९६० मध्ये मांडली आणि पुढे किंचित सुधारून ती रूढ झाली. दुसरी गोष्ट लहान संख्यांची. पाच हजार पुरुषांच्या वस्तीत एके वर्षी एक मृत्यू झाला आणि दुसऱ्या वर्षी दोन, तर दर दुप्पट झाला असे गणित सांगेल. वस्तुतः काहीच बदललेले नसेल. नकाशावरील सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट ठिकाणे बहुधा सर्वांत लहान वस्तीची असतात, ती यामुळेच.

आता मूळ प्रश्न. शोध अधिक केल्याने मृत्यू कमी होतात का? प्रदेशांची तुलना येथे कामाला आली, आणि दोन तुलनांनी दोन भिन्न उत्तरे दिली. पहिली अमेरिकेतील सिएटलचा परिसर आणि कनेक्टिकट राज्य यांची. १९८७ पासून ६५ ते ७९ वयाच्या पुरुषांचा पाठपुरावा केला गेला. आरंभीच्या वर्षांत सिएटलकडे पीएसए चाचण्या कनेक्टिकटच्या पाचपटींहून अधिक झाल्या, ऊतींचा तुकडा काढून तपासण्याचे म्हणजे बायॉप्सीचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. दहा वर्षांत ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया तेथे २.७ टक्के पुरुषांवर, तर कनेक्टिकटमध्ये ०.५ टक्के पुरुषांवर झाली. इतका फरक असूनही २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन्हीकडील मृत्युदरांत भेद आढळला नाही. शस्त्रक्रियेने येणारे मूत्रावरील ताबा सुटणे आणि नपुंसकत्व हे सिएटलच्या वाट्याला अधिक आले, हे वेगळे.

दुसरी तुलना ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताची. आल्प्स पर्वतातील या प्रांतात १९९३ पासून ४५ ते ७५ वयाच्या पुरुषांना ही चाचणी विनामूल्य उपलब्ध झाली आणि पहिल्या पाच वर्षांत दोन तृतीयांश पुरुषांनी ती एकदा तरी करून घेतली. २००५ मध्ये टिरोलमधील मृत्यू, जुना कल चालू राहिला असता जितके झाले असते त्याहून ५४ टक्क्यांनी कमी होते. उर्वरित ऑस्ट्रियात ही घट २९ टक्के होती. टिरोलचे उदाहरण चाळणी-तपासणीचे समर्थक आवर्जून देतात. त्यावर आक्षेपही आहे आणि तो गंभीर आहे. हा कर्करोग सावकाश वाढतो, त्यामुळे लवकर निदानाचा लाभ मृत्युदरात दिसण्यास दहा-पंधरा वर्षे लागावीत. टिरोलमधील घट फार लवकर सुरू झाली. इन्सब्रुकच्या विद्यापीठीय रुग्णालयाच्या भोवती उभी राहिलेली उपचारव्यवस्था हेही तितकेच प्रबळ कारण असू शकते. चाचणी जेथे जाते तेथे ती एकटी जात नाही. तिच्यामागून मूत्ररोगतज्ज्ञ, किरणोपचार आणि जागरूकताही जातात. प्रदेशांच्या तुलनेत हे धागे सुटे करता येत नाहीत.

ते सुटे करण्यासाठी पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणाऱ्या चाचणीची गरज होती. युरोपातील आठ देशांत सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांवर तशी चाचणी झाली. २००९ मध्ये तिने मृत्यूंत २० टक्के घट दाखविली. २०२५ मध्ये, २३ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, घट १३ टक्के आढळली. तपासणीस बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला, आणि एक मृत्यू टाळण्यासाठी बारा अधिक पुरुषांचे निदान झाले. म्हणजे लाभ आहे, पण तो मर्यादित आहे, आणि त्याची किंमत ज्यांना मरावयाचे नव्हते त्यांनी चुकविली आहे. सिएटलच्या निष्कर्षाला हे अंशतः खोडून काढते आणि टिरोलच्या उत्साहाला आवरते.

काळाच्या ओघातील बदल वाचतानाही हे भान उपयोगी पडते. अमेरिकेत १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत या कर्करोगाचा मृत्युदर जवळजवळ निम्मा झाला. त्यात चाचणीचा वाटा आहे, तसाच सुधारलेल्या शस्त्रक्रियेचा, किरणोपचाराचा आणि संप्रेरकरोधक औषधांचाही आहे. २०१२ मध्ये तेथील प्रतिबंधक सेवा कृतिदलाने कोणत्याही वयात सरसकट पीएसए चाचणी करू नये अशी शिफारस केली; २०१८ मध्ये ती बदलून ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावे असे सांगितले. दरम्यान चाचण्या घटल्या, पुढे गेलेल्या अवस्थेत सापडणारे रुग्ण वाढले आणि मृत्युदराची उतरण मंदावली.

कृष्णवर्णीय अमेरिकनांचा मृत्युदर आजही गौरवर्णीयांच्या सुमारे दुप्पट आहे. येथे वंश की व्यवस्था, हा वाद जुना. त्यावर प्रकाश पडतो तो माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेतून. तेथे उपचाराची दारे सर्वांना सारखी उघडी असतात, आणि निदानानंतर या कर्करोगाने मरण्याच्या प्रमाणातील वर्णभेदाची दरी तेथे जवळजवळ मिटलेली आढळली. इंग्लंडमधील २००८ ते २०१० च्या नोंदींतून काढलेले आकडे हीच गोष्ट निराळ्या रीतीने सांगतात. तेथे आयुष्यात हा कर्करोग निदान होण्याची शक्यता गौरवर्णीयांत आठांत एक, कृष्णवर्णीयांत चारांत एक, आशियाई वंशाच्या पुरुषांत तेरांत एक. त्याने मरण्याची शक्यता अनुक्रमे चोविसांत, बारांत आणि चव्वेचाळिसांत एक. भागाकार केला तर तिन्ही गटांत निदान झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश दगावतात. रोग होण्यात वंशागणिक मोठा भेद, रोग झाल्यावर मात्र फारसा नाही. याउलट केवळ स्थानामुळे पडणारा फरकही ब्रिटनमध्येच दिसतो : २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार स्कॉटलंडमध्ये एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण कर्करोग दूर पसरल्यावर सापडत होते, लंडनमध्ये आठांत एक.

भूमीचा दोष सरळ दाखविता यावा असे उदाहरण या रोगात विरळा आहे. फ्रान्सच्या आधिपत्याखालील ग्वादलूप आणि मार्टिनिक या कॅरिबियन बेटांवर केळीच्या बागांत १९७३ ते १९९३ पर्यंत क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरले गेले. ते मातीत दीर्घकाळ टिकते. रक्तात त्याचे प्रमाण अधिक असलेल्यांना पुरःस्थ कर्करोगाचा धोका अधिक असल्याचे ग्वादलूपमधील अभ्यासाने २०१० मध्ये दाखविले, आणि २०२१ च्या डिसेंबरात फ्रान्सने शेतमजुरांच्या बाबतीत तो व्यवसायजन्य रोग मानला. तरीही शेजारच्या, हे रसायन न वापरलेल्या बेटांवरही दर मोठेच आहेत, हे विसरता येत नाही.

हे सारे ध्यानी घेऊन भारताचे आकडे पाहावे लागतात. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय कार्यक्रम १९८१ च्या अखेरीस आला. ग्रामीण भागातील पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे उभी राहिली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील गावोगाव फिरून कार्यकर्त्यांनी रुग्ण शोधले, कारण खेड्यातील रुग्ण प्रयोगशाळेच्या दारात आपण होऊन येत नाही. दिल्ली, कोलकाता, पुणे आणि तिरुवनंतपुरम या शहरांत पुरुषांच्या कर्करोगांत या रोगाने दुसरे स्थान गाठल्याचे नोंदण्यांतून दिसले आहे. बार्शीसारख्या भागात तो पुष्कळ मागे आहे. हा फरक खरा की शोधण्याचा? इंग्लंडमधील आशियाई पुरुषांचे आकडे सांगतात की काही भाग खरा असावा. उरलेल्याचे काय, याचा अंदाज एका गुणोत्तरावरून येतो. २०२० च्या अंदाजात अमेरिकेत सुमारे २ लाख १० हजार नवे रुग्ण आणि सुमारे ३२ हजार मृत्यू होते. भारतात सुमारे साडेचौतीस हजार नवे रुग्ण आणि १७ हजारांच्या आसपास मृत्यू. तेथे साडेसहा रुग्णांमागे एक मृत्यू, येथे दोनांमागे एक. अमेरिकेच्या आकड्यात निरुपद्रवी रोगाची भर आहे, हे खरे. तितकेच हेही खरे की भारतात बहुतेक रुग्ण कंबर दुखू लागल्यावर, म्हणजे रोग हाडांत उतरल्यावर, रुग्णालयात पोचतात. लघवीचा त्रास म्हातारपणी चालायचाच, अशी समजूत घरातही असते आणि रुग्णाच्या मनातही. त्याविषयी सुनेसमोर किंवा मुलीसमोर बोलावयाचे कसे, हा संकोच निराळाच.

मृत्यूचे आकडे तर याहून अधिक अनिश्चित पायावर उभे आहेत. २०२० मध्ये भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. उरलेल्यांचे कारण कुटुंबीयांच्या सांगण्यावर राहते, आणि कुटुंबाची भाषा म्हणजे वर्तमानपत्रातील निधनवार्तेची भाषा : ‘वार्धक्याने’, ‘अल्पशा आजाराने’, ‘दीर्घ आजाराने’. प्रमाणित झालेल्या मृत्यूंतही दोष आहे. विहित नमुन्यात तात्कालिक कारण, त्यामागील कारण आणि सर्वांच्या मुळाशी असलेले कारण अशा चढत्या ओळी असतात. पुष्कळदा पहिल्या ओळीत हृदय व श्वसनक्रिया बंद पडली असे लिहून पुढच्या ओळी कोऱ्या सोडल्या जातात. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. अशा नोंदींतून जिल्हावार नकाशा काढला तर तो कर्करोगाचा नव्हे, कारण लिहिणाऱ्या डॉक्टरांचा नकाशा होईल.

२०२४ मध्ये लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने वर्तविलेला अंदाज असा की जगातील नवे रुग्ण २०२० मधील १४ लाखांवरून २०४० मध्ये २९ लाखांवर जातील, आणि मृत्यू सुमारे ८५ टक्क्यांनी वाढतील. वाढीचा मोठा भाग अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत असेल, कारण तेथील पुरुष आता वार्धक्यापर्यंत जगू लागले आहेत. ही वाढ भारतात कोणत्या जिल्ह्यात किती झाली, हे सांगण्याची सोय आज फार थोड्या ठिकाणी आहे. गोव्यात जवळजवळ सर्व मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते, हे देशात अपवादात्मक आहे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास आहे. एका वर्षात या कर्करोगाने होणारे तेथील मृत्यू इतके थोडे की तालुकावार भेद किंवा चढउतार पाहण्यासाठी दहा-दहा वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतील.